पन्नासवरचं पातं

आमच्या मुलुंडच्या घरात देव्हाऱ्याच्या शेजारी भिंतीला एक मीटर टांगलेला होता. बिलाचा नव्हे, तो खाली जिन्यात होता. हा चौकोनी, काळ्या पेटीचा, जुन्या पद्धतीचा. काचेमागे स्टीलच्या बारीक पात्यांची रांग, प्रत्येक पात्याचं टोक पांढरं रंगवलेलं, आणि खाली सत्तेचाळीसपासून त्रेपन्नपर्यंत आकडे. घरात वीज असली की यातलं एखादंच पातं थरथरायचं, इतकं जोरात की त्याचं पांढरं टोक पसरट, धुरकट दिसायचं. बाकीची गप्प. बाबांच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये नवे मीटर आले तेव्हा हा भंगारात निघाला होता. बाबांनी तो रीतसर मागून घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळून आणला आणि स्वतः खिळा ठोकून लावला. आई म्हणाली, "देवाच्या बाजूक कशाक?" बाबा म्हणाले, "तिथे प्लग आहे."

तो मीटर वाचायला मी नववी-दहावीतच शिकले. बाबा सांगायचे की आपल्या या पश्चिम भागातली सगळी वीजकेंद्रं एकमेकांना तारांनी बांधलेली आहेत आणि सगळी चाकं एका तालात फिरतात. ताल सेकंदाला पन्नासचा. लोकांनी वीज जास्त ओढली आणि केंद्रं कमी पडली की ताल मंदावतो, आणि तो सगळीकडे एकाच वेळी मंदावतो. छत्तीसगडच्या कारखान्यात, गुजरातच्या शेतात आणि आमच्या देव्हाऱ्याशेजारी. पातं डावीकडे सरकलं, साडेएकोणपन्नास, एकोणपन्नास झालं, की समजायचं कुठेतरी कोळसा कमी पडतोय किंवा केंद्रातला एखादा सेट, वीज बनवणारं यंत्र, बंद पडलाय, आणि आता कुणाची तरी वीज कापणार. दुसऱ्या घरांत सकाळी उठून आकाशाकडे बघतात. आम्ही दूध तापत ठेवून मीटर बघायचो. आई अंथरुणातून विचारायची, "किती गो?" मी सांगायचे, "एकोणपन्नास दोन." आई म्हणायची, "मगे भाजी आताच चिरून ठेव."

बाबा घाटापलीकडच्या एका औष्णिक केंद्रात कोळसा विभागात शिफ्ट इन्चार्ज होते. तिथल्या कॉलनीत त्यांची एक खोली होती. सुट्टीला मुलुंडला यायचे. खाणीतून आगगाडीने कोळसा येतो, वाघिणी उलट्या करून तो ओततात, पट्ट्यावरून चढवतात, दळून पिठासारखा बारीक करतात आणि भट्टीत फुंकतात. ऐकायला सोपं आहे. पण ज्या वर्षीची ही गोष्ट आहे त्या वर्षी पावसाळा लांबला होता. कोळसा आला तोच चिखल होऊन. ओला कोळसा पट्ट्यावरून खाली पडायच्या नळकांड्यात घट्ट चिकटतो, वाट बंद होते, खाली भट्टी उपाशी राहते. मग माणसं लोखंडी पहारी घेऊन ती नळकांडी ठोकत बसतात, आत कोळसा हलला की ओरडून सांगतात. बाबा घरी आले की पहिले दोन तास त्यांना नीट ऐकू यायचं नाही. तोंड धुताना बेसिनमध्ये काळं पाणी जायचं. ते गेल्यावर मी बेसिन घासायचे आणि आई म्हणायची, "घास नीट, देशाचो उजेड हा तो." ती टोमणा मारतेय की अभिमानाने बोलतेय, हे मला तेव्हाही कळायचं नाही.

बाबांना मात्र अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत. जेवताना ताटातल्या भाताचे ढीग करून ते समजवायचे, हा यार्डातला साठा. हे रोजचं जळण. साठा एवढा उतरला की दिल्लीपर्यंत फोन वाजतात. "तेल बाहेरून आणावं लागतं," ते म्हणायचे, "गॅस बाहेरून. धरणात पाणी असेल तर असेल. कोळसा आपला आहे. उद्या कुणी जगाशी भांडण काढलं तरी देशाचा दिवा या काळ्या ढिगावर जळेल." आई म्हणायची, "आधी भात जेवा, ढीग मगे करा." आता मीही कधीकधी जेवणाच्या टेबलावर हे वाद ऐकते. कांदिवलीच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर मीच भांडून बसवून घेतलं, मी सेक्रेटरी होते तेव्हा. कोळसा वाईट आहे हे मला कुणी शिकवू नये, मी ते बेसिन घासलेलं आहे. पण सूर्य मावळल्यावर लिफ्ट कशावर चालते असं मी विचारलं की लोक विषय बदलतात.

आईबद्दल आता सांगायला हवं. तिला लहानपणी गावी क्षय झाला होता. बरा झाला, पण फुफ्फुसं जून झालेल्या भोपळ्यासारखी राहिली. तिच्या आजाराचा आणि कोळशाचा काही संबंध नव्हता. लोकांना तसा संबंध जोडायला आवडतो म्हणून मुद्दाम लिहिते. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा ती एकदा हॉस्पिटलात गेली आणि परत आली ती नाकात नळी घेऊनच. त्यानंतर आमच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली, एक मशीन बसलं. छोट्या फ्रिजएवढं, चाकांवर, हवेतून ऑक्सिजन गाळून देणारं. त्याचा आवाज असा होता: घर्र घर्र घर्र, मग एक लांब सुस्कारा. दिवसरात्र. पाहुणे म्हणायचे, झोप कशी लागते तुम्हाला. आम्हाला तो थांबला की जाग यायची.

ऑक्सिजनजवळ विस्तव चालत नाही. त्यामुळे आईची स्वयंपाकघराशी ताटातूट झाली, तिच्याजवळ उदबत्तीसुद्धा लावायची नाही. ती पलंगावर बसून कानांनी स्वयंपाक करायची. फोडणीचा आवाज ऐकून म्हणायची, "तेल तापूक नाय अजून." वाटण वाटताना मिक्सरचा आवाज बदलला की, "पाणी घाल, अडकला." मी चिडायचे. ती म्हणायची, "चीड, पण पाणी घाल."

आणि मुलुंडची वीज जायची. हे आज कुणाला खरं वाटत नाही. मुंबईत वीज जात नाही अशी ख्याती होती आणि ती खरीही होती, पण मुलुंड आणि भांडूपला वीज राज्याच्या कंपनीची, बाकीच्या शहराला वेगळी. पत्ता मुंबईचा, वीज महाराष्ट्राची. त्यामुळे विदर्भात, मराठवाड्यात भारनियमन झालं की आमच्याकडेही व्हायचं. गावाइतकं नाही, पण व्हायचं. भांडूप संपून कांजूर लागलं की रस्त्यावर कुठेतरी ती न दिसणारी रेघ होती. अलीकडे मेणबत्त्या, पलीकडे एसी. माझी मावशी घाटकोपरला राहायची. फोनवर म्हणायची, "आमच्याकडे कधी जातच नाय गं लाईट. तुमचंच काहीतरी असतं." समोरच्या दारातल्या हंसाबेन म्हणायच्या, "तुझा पप्पा लाईट बनवते, ने तुझ्याच घरात अंधारा. ए सुजू, पप्पाला सांग ना, थोडा आपल्या बिल्डिंगला पार्सल कर."

ठरलेल्या वेळी जाणाऱ्या विजेची आम्ही सोय केली होती. एक इन्व्हर्टर होता, पण मशीनच्या ओढीपुढे त्याची बॅटरी थोडाच वेळ टिकायची, आणि रोज वीज जात असल्याने ती कधी पूर्ण भरायचीच नाही. खरा आधार दोन मोठ्या सिलिंडरांचा. एक रिकामा झाला की भांडूपच्या एजन्सीचा टेम्पो यायचा, तो घेऊन जायचा, भरून आणायचा. बाबांचा नियम होता: दोन्ही एकदम कधी द्यायचे नाहीत. एक घरात भरलेला पाहिजेच. वीजकेंद्रात जसा साठा ठेवतात तसा. हा नियम त्यांनी स्वतः मार्करने सिलिंडरवर लिहिला होता.

दिवाळी आली. अजून पावसाळी, कोंदट हवा आणि वर ऑक्टोबरचं ऊन. केंद्रांमध्ये कोळशाची बोंब. पेपरात रोज साठ्याच्या बातम्या. लक्ष्मीपूजनाला राज्यात कुठेही वीज जाणार नाही असं मंत्र्यांनी जाहीर केलं, आणि बाबांच्या केंद्रात सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. मी तेव्हा त्याचा अर्थ एवढाच घेतला की बाबा फराळाला नसणार. सणाला वीज द्यायची तर सणाआधी ती वाचवावी लागणार, हे डोक्यात आलं नाही. बाबांच्या मुलीच्या तरी यायला हवं होतं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सकाळची ठरलेली वीज गेली आणि आली. इन्व्हर्टर संपला, एक सिलिंडर संपला, दुसरा निम्म्यावर आला. मी चकल्या करत होते. एजन्सीचा फोन आला: टेम्पो दुपारी येईल, भरून संध्याकाळी आणून देईल, त्यानंतर दिवाळीमुळे बंद. जे द्यायचं ते आत्ताच द्या. निम्मा सिलिंडर दिवाळीभर पुरणार नव्हता. द्यावा तर घर रिकामं. मी बाबांना फोन लावला, आणि नशिबाने ते कंट्रोल रूममध्येच होते.

"बाबा, दोन्ही द्यायचे का?"

"मीटर किती दाखवतोय?" त्यांनी विचारलं. आवाज बसलेला होता.

मी कॉर्डलेस घेऊन देव्हाऱ्यापाशी गेले. मधलं पातं, बरोबर पन्नासचं, पसरून थरथरत होतं. मला आठवतं, कारण कितीतरी आठवड्यांत ते तसं दिसलं नव्हतं.

"पन्नास. एकदम पन्नास."

पलीकडे ते हसले. खरंच हसले. "आमचा दोन नंबरचा सेट पहाटे उभा राहिला, सुजू. परवापासून ठोकत होतो. ओल्या कोळशावर उभा केलाय. बघ, लगेच दिसलं की नाही तिकडे? दे दोन्ही. संध्याकाळची वीज जायच्या आधी भरून येतील."

आई पलंगावरून म्हणाली, "काय म्हणतत?"

"द्या म्हणतात."

"दोनय?" आईने माझ्याकडे पाहिलं. मग सिलिंडरवर मार्करने लिहिलेल्याकडे पाहिलं. "त्यांका जास्ती कळता," ती म्हणाली. टेम्पो आला आणि दोन्ही सिलिंडर गेले.

त्यानंतर जेमतेम एक घाणा चकल्या निघाला असेल. मशीनचा सुस्कारा अर्ध्यात तुटला आणि त्याची शिट्टी सुरू झाली. वीज गेल्यावर ते मशीन जे किंचाळतं ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच माहीत. पंखा हळूहळू थांबला. मीटरची सगळी पाती सरळ उभी. मी गॅस बंद केला, इन्व्हर्टर लावून बघितला, तो एकदा टीं करून गप्प झाला. एजन्सीला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, भरायचा प्लांटच बंद पडलाय. भांडूपला पण लाईट नाही ना. आली की पहिला तुमचा नंबर."

"कधी येणार?"

"ते तुमच्या मिस्टरांना... नाही, सॉरी, पप्पांना विचारा. ते लाईटमध्ये आहेत ना?"

कोपऱ्यावरच्या नर्सिंग होमला फोन केला. ते म्हणाले बेड नाही, जनरेटर फक्त ऑपरेशन थिएटरला आहे. बाबांना परत लावला, तर ऑपरेटर म्हणाला ते यार्डात गेलेत, निरोप देतो. आई उशीला टेकून बसली होती, दोन्ही हात मांड्यांवर, तोंड उघडं. खांदे वर-खाली होत होते. ओठांचा रंग जांभळाच्या बाजूने जायला लागला होता. ती काही बोलत नव्हती, म्हणजे वारा वाचवत होती. मला वाटतं त्या क्षणी मी रडायला हवं होतं, पण रडायला वेळ नव्हता आणि हाताला चकलीचं तेल होतं. मी मनात एवढाच हिशेब केला: हे मशीन जिथे चालतं ती जागा सापडली पाहिजे. मुलुंड अंधारात, भांडूप अंधारात. रेघ कांजूरला. रेघेपलीकडे मावशीचं घर.

हंसाबेन शिट्टी ऐकून आल्याच होत्या. मी म्हटलं, आईला घाटकोपरला न्यायचंय, मशीनसकट. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. खाली जाऊन रिक्षा अडवली, रिक्षावाल्याला आणि वॉचमनला वर घेऊन आल्या. त्या दोघांनी आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. मशीन मी आणि हंसाबेननी धरलं. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, आणि असती तरी काय. "तू वर धर, हुं नीचे," त्या म्हणाल्या. "माझा साइज बघ, तुझा बघ. पडला तर माझ्यावर पडेल, मशीनला काय नाय होणार." प्रत्येक जिन्यावर त्या धापा टाकत थांबायच्या आणि आईकडे बघून म्हणायच्या, "बेन, तुम्ही श्वास घ्या, माझी काळजी नका करू." आई हसली. त्याला वारा खर्च झाला.

आग्रा रोड दिवाळीच्या गर्दीने तुंबलेला. आकाशकंदील, तोरणं, पणत्यांच्या गाड्या, रांगोळीचे ढीग, आणि त्यातून आमची रिक्षा. मशीन पायांशी, आई माझ्या खांद्यावर. मी तिच्या छातीवर हात ठेवला होता, दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. सिग्नलचे खांब मेलेले होते, दुकानांच्या दारात जनरेटर धूर सोडत होते आणि तो धूर रिक्षात येत होता. मी ओढणीने आईचं नाक झाकू की उघडं ठेवू हेच कळेना. भांडूपला रिक्षा उभीच राहिली. आईने माझं मनगट धरलं होतं, ती पकड सैल व्हायला लागली. मी तिच्या कानात म्हटलं, "आई, आकडे म्हण." लहानपणी ताप आला की ती मला म्हणायला लावायची तसं. तिने ओठ हलवले. आवाज नव्हता.

रिक्षावाला आरशात बघत होता. म्हणाला, "मॅडम, घाटकोपर तक नहीं जाएगा ये."

"जहाँ पहला बल्ब जलता दिखेगा, वहीं रोको," मी म्हटलं.

त्याने पुढे काय केलं ते वाहतूक पोलिसाने पाहिलं असतं तर लायसन्स गेलं असतं. फूटपाथवरून, उलट्या बाजूने, एका नाल्याच्या पुलावरून. पूल ओलांडला आणि एका दुकानाच्या पाटीवर भर दुपारी लाल दिवे पळताना दिसले. ब्यूटी पार्लर.

आत दिवाळीची गर्दी. बाकावर बायका दाटीने बसलेल्या, एकीच्या तोंडाला पांढरा लेप, एकीचे हात वॅक्सला पुढे केलेले. मी दार ढकलून म्हटलं, "मला प्लग हवाय. आईला ऑक्सिजन लावायचाय." मालकीण रेखाताई, हे नाव मला नंतर कळलं, हातात दोरा घेऊन कुणाच्या तरी भुवया करत होत्या. दोरा दातात तसाच. त्यांनी आईकडे पाहिलं, दोरा थुंकला आणि म्हणाल्या, "फेशियलच्या खुर्चीत घ्या, ती मागे झोपते. अगं, तो वॅक्सचा हीटर काढ. स्टीमर पण काढ. मेणबत्ती विझव ती देवाजवळची, ऑक्सिजन आहे."

लेपवाली खुर्चीतून आधीच उठली होती. ओठ न हलवता बोलली, "माझं वाळू दे. त्यांना घ्या."

प्लग लावला. मशीन घरघरलं आणि सुस्कारा टाकला. मी आईच्या नाकात नळी बसवली आणि खाली फरशीवर, कापलेल्या केसांत बसले. किती वेळ गेला माहीत नाही. पार्लरमध्ये नुसतं मशीन ऐकू येत होतं. एक बाई हळूच म्हणाली, "कुठून आलात?" मी म्हटलं, मुलुंड. ती म्हणाली, "मुंबईत अजून लाईट जाते?" रेखाताई म्हणाल्या, "मुलुंडला जाते. ते तिकडे येतं." त्यांनी 'तिकडे' म्हणताना पुलाकडे हात केला, जणू तो वेगळा देश होता. त्यांचं चुकलं नव्हतं.

आईच्या ओठांवर रंग यायला लागला तेव्हा तिने डोळे उघडले. समोर आरसा, आरशाभोवती बल्ब. ती बघत राहिली. मग पहिल्यांदा जे बोलली ते असं: "सुजू, आता इलंवच तर भुवयो करून घे."

सगळं पार्लर हसलं. मी हसले नाही. मी बाथरूममध्ये जाऊन हाताचं चकलीचं तेल धुतलं.

संध्याकाळी गर्दी उतरल्यावर आम्ही घाटकोपरला मावशीकडे पोचलो. रेखाताईंनी त्यांच्या नवऱ्याचा टेम्पो दिला आणि म्हणाल्या, "परत आलीस तर फेशियलला ये, प्लगला नको." बाबा दुसऱ्या दिवशी आले, सकाळची शिफ्ट संपवून, तसेच, नखांत काळं घेऊन. मावशीच्या पांढऱ्या सोफ्यावर ते बसले नाहीत, स्टूल ओढून आईच्या पलंगापाशी बसले. मशीनवरचा काटा पाहिला. मग मला विचारलं, "लाईट जाताना मीटर किती होता?"

"पन्नास. शेवटपर्यंत पन्नासच होता."

त्यांनी मान हलवली. मग जमिनीकडे बघत सांगायला लागले, जसं वरिष्ठाला रिपोर्ट देतात तसं. एका सेटने एवढ्या मोठ्या जाळ्याचा ताल उचलला जात नाही. त्या दिवशी सणाचा कोळसा वाचवायला राज्यभर आधीच वीज कापत आणली होती, गावागणिक, तालुक्यागणिक. लोकांना कापलं म्हणून ताल पन्नासवर आला होता. पन्नास म्हणजे सगळं ठीक नव्हतं. पन्नास म्हणजे कुणीतरी अंधारात बसलं होतं, आणि पाळीपाळीने आमचा नंबर येणारच होता. "हे मी नव्या पोरांना शिकवतो," बाबा म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात शिकवतो. पण सेट उभा राहिला होता ना. दोन रात्री ठोकला होता. मला वाटलं तो आकडा आमचा आहे."

आई नळीतून वारा घेत ऐकत होती. मावशी दारात चहा घेऊन उभी. बाहेर सगळी इमारत तोरणांनी झगमगत होती आणि शेजारच्या खोलीत कुणी नसताना एसी चालू होता. बाबांनी सवयीने उठून तो बंद केला, परत येऊन बसले. म्हणाले, "इथे वीज आहे, म्हणजे आत्ता कुठल्या तरी गावात नाही. ह्याच कोळशातून..."

"असांदे," आई म्हणाली.

बाबांनी वर पाहिलं.

"असांदे," ती परत म्हणाली, सावकाश, प्रत्येक शब्दाला थांबून. "कोणाच्याय घरात काळोख असांदे. माका मुलुंडाक नेव नको."

ती असं बोलणारी बाई नव्हती. शेजारणीकडे साखर नसली तर आपल्या डब्यातली निम्मी देणारी. पण त्या दिवशी ती बोलली आणि बाबांनी मावशीच्या हातातून चहा घेऊन तिच्यापुढे धरला.  साठ्याच्या बातम्या आल्या, कोळसा हवा की नको यावर टीव्हीवर माणसं ओरडायला लागली, की मला त्या बाजूचंही पटतं आणि ह्या बाजूचंही, आणि मग आईचा तो आवाज येतो आणि मी चॅनल बदलते.

आई मुलुंडला परत गेली नाही. मावशीच्या बाहेरच्या खोलीत राहिली. मावशीने एकदाही तोंड वाकडं केलं नाही, 'तुमचंच काहीतरी असतं' हेही परत कधी म्हणाली नाही. मी मुलुंड-घाटकोपर करत राहिले. मुलुंडच्या बंद घरात मीटर एकटाच चालू असायचा. कुलूप उघडून कपडे घ्यायला गेले की मी त्याच्याकडे बघायचे नाही. बाबा सुट्टीला थेट घाटकोपरला यायचे आणि घरभर फिरून रिकाम्या खोल्यांतले दिवे, पंखे बंद करत सुटायचे. हळूहळू मावशीलाही ती सवय लागली. तिच्या हाताला खोलीबाहेर पडताना बटण शोधायची खोड जडली.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, एका दुपारी, आई गेली. झोपेत म्हणतात तसं नव्हतं, पण फार वेळही लागला नाही. बाबा नेमके होते. वीज होती. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण नातेवाईकांत वेगळ्या गोष्टी फिरल्या. वीज एक क्षणही गेली नव्हती. पंखा फिरत होता, मशीन चालू होतं, नळी नाकात होती, आणि आई गेल्यावरही ते मशीन कुणासाठी तरी श्वास गाळत राहिलं. घर्र घर्र, आणि सुस्कारा. आम्हाला कुणालाच ते बंद करायचं सुचलं नाही. डॉक्टर येऊन गेले तरी ते चालूच.

शेवटी बाबा उठले. भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लग काढला, वायर नीट गुंडाळून मशीनच्या पाठीला लावली. मग बाहेर रस्त्यावरचे आवाज ऐकू यायला लागले, हॉर्न, भाजीवाला, शाळा सुटल्याचा गलका. इतके महिने ते होतेच. मावशी डोळे पुसत आतल्या खोलीत गेली, बाबांकडून लागलेल्या सवयीने तिने तिथला दिवा बंद केला, मग पंखा.

"असांदे," बाबा म्हणाले. आयुष्यभर शिफ्टमध्ये राहून त्यांची मालवणी पार गेली होती, घरातसुद्धा ते कधी बोलत नसत. "असांदे गो. लाव परत."

मावशीने दिवा लावला. मग बाबांनी स्वतः उठून घरातला एकेक दिवा लावला, स्वयंपाकघरातला, बाथरूममधला, गॅलरीतला, भर दुपारी, आणि स्टूल ओढून आईपाशी येऊन बसले.